नव्या कराराची ग्रीक भाषा: थिऑलॉजीच्या नवविद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या कराराची ग्रीक म्हणजे नेमकी कोणती ग्रीक?

नवा करार, म्हणजे ख्रिस्ती बायबलचा दुसरा भाग, पहिल्या शतकातील कोइने ग्रीकमध्ये लिहिला गेला. कोइने म्हणजे सामाईक भाषा. इ.स.पूर्व 323 मध्ये अलेक्झांडर मरण पावला, तोपर्यंत त्याने जिंकलेल्या प्रदेशांत ग्रीक भाषा पसरू लागली होती. अथेन्सच्या अ‍ॅटिक बोलीचा पाया आणि त्यात आयोनिक व इतर बोलींची भर, अशी ही व्यवहाराची भाषा पुढे पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरात सर्वत्र चालू झाली. अभिजात साहित्यातील ग्रीकशी नव्या कराराची भाषा तंतोतंत जुळत नाही, म्हणून ती केवळ शास्त्रलेखनासाठी घडलेली स्वतंत्र भाषा असावी, असे एकेकाळी अनेकांना वाटत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळूतून पपायरसवरची (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरची) खासगी पत्रे, पावत्या, करारनामे आणि अर्ज मोठ्या संख्येने बाहेर आले. त्यांतील भाषेचे नव्या कराराच्या भाषेशी असलेले साम्य जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी 1895 पासून दाखवून दिले आणि ती समजूत मागे पडली.

याचा अर्थ सगळ्या लेखकांची भाषा एकाच पातळीवरची आहे असा मात्र नव्हे. लूकच्या शुभवर्तमानाची पहिली चार वचने हे एकच घोटीव, सुसंस्कृत वाक्य आहे. उलट प्रकटीकरण 1:4 मध्ये ‘अपो’ या शब्दयोगी अव्ययानंतर षष्ठी यायला हवी तिथे सरळ प्रथमा येते. शिवाय हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुअजिंट, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून तयार होत गेले होते. त्यातील हिब्रू वळणाची वाक्यरचना नव्या कराराच्या लेखकांच्या कानात बसलेली होती, हे वाचताना पदोपदी जाणवते.

उत्तम भाषांतरे उपलब्ध असताना ही मेहनत कशासाठी?

भाषांतरे चुकीची आहेत म्हणून नव्हे. प्रचलित भाषांतरे करणाऱ्यांना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी अधिक ग्रीक येत होते, हे आधीच मान्य करून टाकावे. खरे कारण असे, की भाषांतरकाराला जिथे निर्णय घ्यावाच लागला त्या जागा भाषांतरात दिसत नाहीत. मूळ वाचणाऱ्याला त्या दिसतात.

मराठीपुरते एक उदाहरण पाहू. मार्क 4:38 मध्ये वादळात सापडलेले शिष्य येशूला जागे करून म्हणतात, की नाश होत आहे आणि तुला त्याची पर्वा नाही काय. मूळ क्रियापद ‘अपोल्लुमेथा’ एवढेच आहे; त्याच्या प्रत्ययावरून प्रथम पुरुष, अनेकवचन इतके कळते. शिष्य ‘आम्ही बुडतो’ म्हणत आहेत, की येशूला धरून ‘आपण बुडतो’ म्हणत आहेत? ग्रीकमध्ये हा भेद नाही. मराठीत तो केल्याशिवाय वाक्यच लिहिता येत नाही. पौलाच्या पत्रांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची निवड शेकडो ठिकाणी करावी लागते, आणि काही ठिकाणी त्या निवडीवर परिच्छेदाचा रोख अवलंबून असतो. मराठी वाचकाने ग्रीक शिकण्याचे याहून चांगले कारण मला सांगता येणार नाही.

दुसरे कारण वाक्यांच्या लांबीचे आहे. इफिसकरांस पत्र 1:3-14 हे मुळात सुमारे 200 शब्दांचे एकच वाक्य मानले जाते. भाषांतरात त्याचे अनेक तुकडे होतात आणि कोणते उपवाक्य कोणावर टांगलेले आहे, हे पुसट होते. वचनांचे क्रमांकही मूळचे नाहीत. ते रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने 1551 च्या आवृत्तीत घातले, त्यामुळे वचन संपले म्हणून विचार संपला असे धरता येत नाही.

वर्णमाला शिकायला किती वेळ लागतो?

थोडाच. अक्षरे 24 आहेत आणि रोज अर्धा तास लिहून काढल्यास एका आठवड्यात ती हाताखाली येतात. रोमन लिपी येणाऱ्यांची फसगत काही ठरावीक अक्षरांवर होते: ‘रो’ हे अक्षर रोमन ‘पी’सारखे दिसते, लहान ‘नू’ हे ‘व्ही’सारखे, लहान ‘एटा’ हे ‘एन’सारखे. ‘सिग्मा’ शब्दाच्या शेवटी वेगळ्या रूपात लिहितात. शब्दारंभी स्वरावर येणारे श्वासचिन्ह ‘ह’ आहे की नाही हे सांगते, म्हणून ते पहिल्या दिवसापासून अक्षराचाच भाग समजून लिहावे. ग्रीक शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. ओमिक्रॉन आणि ओमेगा दोन्हींसाठी आपल्याकडे एकच ‘ओ’ आहे, आणि तो फरक व्याकरणात वारंवार लागतो.

उच्चार कोणता शिकावा?

सध्या तीन पद्धती प्रचारात आहेत. पहिली एरास्मस या डच विद्वानाच्या नावाने ओळखली जाते. त्याने 1528 मध्ये प्राचीन उच्चारांविषयी लिहिले आणि पाश्चात्त्य शिक्षणसंस्थांत पुढे त्या वळणाचा उच्चार रुजला. तिच्यात जवळजवळ प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो, त्यामुळे लेखन लक्षात राहते. दुसरी पद्धत आजच्या ग्रीसमधील उच्चाराची. तिच्यात अनेक स्वर आणि जोडस्वर ‘ई’मध्ये विलीन झालेले आहेत, इतके की ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांची सर्वनामे, जी एरास्मसच्या पद्धतीत ‘हेमेइस’ आणि ‘हुमेइस’ अशी वेगळी ऐकू येतात, ती दोन्ही ‘इमीस’ अशी उच्चारली जातात. तिसरी पद्धत पहिल्या शतकातील उच्चाराची शिलालेख आणि पपायरसमधील लेखनचुकांवरून केलेली पुनर्रचना होय.

आपले शिक्षक वापरतात तो उच्चार स्वीकारावा आणि त्यात बदल करू नये. वर्गात एक आणि घरी ध्वनिफितीवर दुसरा, असे करणाऱ्यांचे दोन्ही बिघडतात. तरी इतर उच्चारांची माहिती असणे उपयोगाचे आहे, कारण हस्तलिखितांतील काही पाठभेद ऐकण्यातून निर्माण झालेले दिसतात. रोमकरांस पत्र 5:1 मध्ये ‘एखोमेन’ या शब्दात मधला ‘ओ’ ओमिक्रॉन असेल तर ‘आपल्याला शांती आहे’ असा अर्थ होतो आणि ओमेगा असेल तर ‘आपण शांती बाळगू या’ असा होतो. हस्तलिखितांत दोन्ही रूपे आढळतात.

मराठीभाषकांना इथे एक फायदा आहे. फी, थीटा आणि खी ही अक्षरे अभिजात काळात ‘फ’, ‘थ’, ‘ख’ अशा खऱ्या महाप्राण व्यंजनांची होती. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यांतले ‘त’ आणि ‘थ’ वेगळे काढायला कष्ट पडतात. आपल्याला सांगावेही लागत नाही.

शब्दांवरची आघातचिन्हे पाठ करावीत काय?

पहिल्या वर्षी नियम नकोत. मात्र शब्द मोठ्याने वाचताना चिन्ह असलेल्या अक्षरावर जोर द्यावा, म्हणजे निम्मे काम नकळत होते. ज्या मोजक्या जोड्या केवळ या चिन्हांनी वेगळ्या होतात, त्या आल्या की तेवढ्या शिकाव्यात.

विभक्ती मराठीत आहेतच. मग ग्रीक विभक्ती सोप्या जातील ना?

सुरुवातीला जातील. शब्दाचे वाक्यातील स्थान बदलले तरी प्रत्ययावरून त्याचे काम ओळखायचे, ही गोष्ट आपल्याला नव्याने पटवून द्यावी लागत नाही. तीन लिंगे आपल्याकडेही आहेत, आणि निर्जीव वस्तूला पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग का, असा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला पडत नाही. ज्यांनी शाळेत संस्कृतचे शब्द चालवले आहेत, त्यांना तर तक्ते पाहून घर आठवेल.

अडचण पुढे येते. ग्रीकमध्ये संबोधन धरून पाचच विभक्ती उरलेल्या आहेत, म्हणजे एकेका रूपाला अनेक कामे करावी लागतात. जिला पाठ्यपुस्तके चतुर्थी म्हणतात, ती संस्कृतच्या चतुर्थीबरोबर तृतीयेचे आणि सप्तमीचेही काम करते. त्यामुळे ‘चतुर्थी म्हणजे ला’ असे ज्याने पाठ केले, तो तिसऱ्याच आठवड्यात अडखळतो; त्याच रूपाचा अर्थ ‘ने’, ‘मध्ये’ किंवा अमुक इतक्या काळात असा होऊ शकतो. षष्ठीतही पंचमीचे अर्थ मिसळले आहेत. म्हणून रूप आधी ओळखावे आणि अर्थ संदर्भावरून ठरवावा; दोन्ही एकदम करण्याचा मोह टाळावा.

षष्ठीतील एक संदिग्धता मात्र मराठीत जशीच्या तशी आहे. ‘आईची आठवण’ म्हणजे आईला झालेली आठवण की आईविषयीची आठवण? रोमकरांस पत्र 3:22 मधील ‘येशू ख्रिस्ताचा विश्वास’ या रचनेत हाच प्रश्न आहे: ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास, की ख्रिस्ताचा स्वतःचा विश्वासूपणा? या एका षष्ठीवर अभ्यासकांत प्रदीर्घ वाद झालेला आहे. व्याकरण त्याचा निकाल लावू शकत नाही. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात एवढेच ते सांगते, आणि ही माहितीही कमी नाही.

मराठीत उपपद नाही. ते कसे शिकावे?

उपपद म्हणजे इंग्रजीतील ‘द’सारखा नामाआधी येणारा शब्द. त्याचा तक्ता सर्वांत आधी आणि सर्वांत पक्का करावा. तीन लिंगे, दोन वचने, चार विभक्ती अशी 24 घरे त्यात आहेत आणि ते एकदा आले की पहिल्या दोन वर्गांतील नामांचे बहुतेक प्रत्यय हाती येतात. नव्या करारात उपपद जवळजवळ 20,000 वेळा येते, म्हणजे साधारण दर सातवा शब्द उपपद असतो.

अर्थाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. योहान 1:1 च्या शेवटच्या भागात ‘थेओस एन हो लोगोस’, म्हणजे ‘शब्द देव होता’, असे शब्द आहेत. दोन्ही नामे प्रथमेत आहेत. ज्याला ‘हो’ हे उपपद आहे तो ‘लोगोस’ वाक्याचा कर्ता, आणि उपपद नसलेला ‘थेओस’ हे विधेय, जे जोर देण्यासाठी पुढे घेतले आहे. उपपद नाही म्हणजे ‘कोणी एक देव’ असा अर्थ झाला, हा तर्क इंग्रजीच्या सवयीतून येतो. क्रियापदाच्या आधी आलेले निश्चितार्थक विधेय बहुधा उपपदाशिवायच असते, हे ई. सी. कॉलवेल यांनी 1933 मध्ये दाखवले. मात्र त्या निरीक्षणावरून उलट दिशेने, उपपद नसलेले असे प्रत्येक विधेय निश्चितार्थकच असते, असा सिद्धान्त काढणेही तितकेच चुकीचे आहे.

क्रियापदांचे तक्ते पाहून धीर खचतो. सुरुवात कुठून करावी?

धीर खचणे स्वाभाविक आहे. काळ, तीन प्रयोग, चार अर्थ, पुरुष आणि वचने यांचा गुणाकार केला तर एका धातूची शेकडो रूपे होतात. परंतु ती रूपे थोड्या खुणांपासून बनतात आणि त्या खुणा संस्कृत शिकलेल्याला परक्या नाहीत. भूतकाळात धातूच्या आधी ‘ए’ लागतो, जसा ‘गच्छति’चे ‘अगच्छत्’ होताना ‘अ’ लागतो. पूर्णकाळात धातूच्या आरंभीच्या व्यंजनाचे द्वित्व होते: ‘लुओ’चे ‘लेलुका’. मध्यम प्रयोग आत्मनेपदाच्या जवळचा आहे. ‘दिदोमि’ म्हणजे ‘मी देतो’. शेजारी ‘ददामि’ लिहिले की काही सांगायला नको. संस्कृत न शिकलेल्यांनी खंत करू नये. या खुणा तक्त्यातूनही तितक्याच शिकता येतात, फक्त ओळखीचा आनंद मिळत नाही.

तक्ते तोंडपाठ म्हणण्यापेक्षा रूप समोर ठेवून त्याचे व्याकरण चालवण्याचा सराव अधिक करावा. वाचताना आपल्याला रूपे तयार करायची नसतात, ओळखायची असतात.

ऑरिस्ट म्हणजे ‘एकदाच आणि कायमचे घडलेले’ असे ऐकले आहे. ते खरे काय?

नाही, आणि ही समजूत व्यासपीठावरून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचा थोडा विस्ताराने विचार करायला हवा. ग्रीक क्रियापदात काळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व क्रियेकडे पाहण्याच्या दृष्टीला असते. अपूर्ण भूतकाळ क्रिया चालू असताना आतून दाखवतो: ‘तो शिकवत होता’. ऑरिस्ट हा भूतकाळाचा दुसरा प्रकार तीच क्रिया बाहेरून, एक पूर्ण घटना म्हणून सांगतो: ‘त्याने शिकवले’. ती क्षणात झाली की वर्षानुवर्षे चालली, एकदा झाली की अनेकदा, याविषयी ऑरिस्ट स्वतः काहीच बोलत नाही. योहान 2:20 मध्ये यहुदी म्हणतात, की हे मंदिर बांधायला 46 वर्षे लागली. तिथले क्रियापद ऑरिस्टमध्येच आहे. 46 वर्षांच्या बांधकामाला जे रूप चालते, त्यावरून ‘एका क्षणात’ असा सिद्धान्त उभारता येत नाही.

स्वार्थाबाहेर (साधे विधान करणाऱ्या रूपांबाहेर), म्हणजे आज्ञार्थ, तुमन्त (‘करणे’, ‘करायला’ अशी रूपे) किंवा इतर रूपांत, ऑरिस्ट भूतकाळही दाखवत नाही. तिथे फक्त दृष्टीचा भेद उरतो.

धातुसाधिते इतकी का महत्त्वाची मानतात?

कारण ग्रीक कथन त्यांवर चालते, आणि मराठीही त्यांवरच चालते. मार्क 1:35 मध्ये ‘अनास्तास एक्सेल्थेन’ असे शब्द आहेत. मराठीत सहज ‘उठून बाहेर गेला’. इंग्रजीतून शिकणारा इथे रचना बदलण्याच्या खटपटीत पडतो, आपण पुढे वाचू लागतो.

पण हीच सहजता कधी अंगाशी येते. ग्रीक धातुसाधिताचा मुख्य क्रियापदाशी संबंध वेळेचा, कारणाचा, साधनाचा किंवा विरोधाचा असू शकतो आणि तो रूपात लिहिलेला नसतो. फिलिप्पैकरांस पत्र 2:6 मध्ये ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा ‘असता’ त्याने काय केले, असे सांगितले आहे. तो तसा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, की तसा असल्यामुळेच? ‘असूनही’ आणि ‘असल्यामुळे’ यांतून निघणारे देवाविषयीचे चित्र वेगळे आहे. जुन्या वळणाचे ‘असता’ दोन्ही शक्यता उघड्या ठेवते, म्हणून ते वर्गात जपून वापरावे अशी माझी शिफारस आहे.

किती शब्द पाठ करावे लागतात?

नव्या करारात सुमारे 1,38,000 शब्द आहेत, पण निरनिराळे मूळ शब्द 5,400 च्या आसपास. त्यांतील 50 किंवा अधिक वेळा येणारे शब्द साधारण 310 आहेत आणि तेवढ्यांनीच मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग व्यापलेला आहे. पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट हे 310 शब्द. त्यानंतर परतावा झपाट्याने घटतो. सुमारे 1,900 शब्द तर संपूर्ण नव्या करारात एकदाच येतात आणि ते पाठ करण्यात वेळ घालवू नये. नामासोबत उपपद आणि षष्ठीचे रूप, क्रियापदासोबत ऑरिस्टचे रूप, एवढे सुरुवातीपासून एकत्र घोकावे.

शब्दाचा मूळ अर्थ शोधला की वचनाचा खोल अर्थ उघडतो काय?

बहुधा उघडत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत दडलेला नसून त्या काळच्या वापरात असतो, हे जेम्स बार यांनी 1961 मध्ये सविस्तर मांडले. ‘आगापे’ म्हणजे दैवी, निःस्वार्थ प्रेम आणि ‘फिलिया’ म्हणजे केवळ मैत्री, ही विभागणी मजकुरासमोर टिकत नाही: पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान 3:35 मध्ये एका धातूने आणि 5:20 मध्ये दुसऱ्या धातूने सांगितले आहे, आणि 2 तीमथ्य 4:10 मध्ये देमास या जगावर प्रीती करून पौलाला सोडून गेला, तिथे पहिल्याच धातूचे रूप आहे. कोशात दहा अर्थ दिले असतील तर एका वचनात सहसा त्यांतला एकच लागू असतो. दहाही एकत्र ओतायचे नसतात.

ओळींखाली अर्थ छापलेली आवृत्ती किंवा सॉफ्टवेअर वापरावे काय?

पहिल्या वर्षी शक्यतो नाही. डोळा खालच्या ओळीकडे जातोच, आणि ग्रीक वाचल्याचा भास होतो. सॉफ्टवेअरचा उपयोग स्वतः व्याकरण चालवून झाल्यावर पडताळ्यासाठी करावा. तेही प्रत्येक वेळी अचूक असेल असे नाही, कारण सारखी दिसणारी रूपे कोणीतरी निर्णय घेऊनच वर्गीकृत केलेली असतात.

मूळ मजकुराची कोणती आवृत्ती घ्यावी?

एबरहार्ड नेस्त्ले यांनी 1898 मध्ये सुरू केलेली आणि आज नेस्त्ले-आलांड म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती अभ्यासकांत प्रमाण मानली जाते. तिची 28 वी आवृत्ती 2012 मध्ये निघाली. युनायटेड बायबल सोसायटीजच्या पाचव्या आवृत्तीत मजकूर तोच आहे, पण पाठभेद कमी निवडून ते अधिक तपशिलाने दिले आहेत, त्यामुळे ती भाषांतरकारांना सोयीची पडते. विनामूल्य हवी असल्यास सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरची 2010 मधील आवृत्ती इंटरनेटवर मिळते. तळटिपांतील सांकेतिक खुणांना पहिल्या सहामाहीत हात लावला नाही तरी चालेल. तथापि मार्क 16:9-20 आणि योहान 7:53-8:11 या भागांभोवती दुहेरी कंस का आहेत, हे शिक्षकांना लवकर विचारावे.

आधी कोणते पुस्तक वाचावे?

योहानाचे पहिले पत्र. त्यातील निरनिराळे शब्द 250 पेक्षा कमी आहेत आणि वाक्ये आखूड आहेत. व्याकरण सोपे असले तरी ‘हे’ आणि ‘त्याचा’ ही सर्वनामे नेमकी कशाला लागतात याचा विचार करावा लागतो, म्हणून ते बाळबोधही वाटत नाही. त्यानंतर योहानाचे शुभवर्तमान, मग मार्क. पौलाची पत्रे दुसऱ्या वर्षी. इब्री लोकांस पत्र आणि पेत्राचे दुसरे पत्र यांची घाई करू नये.

आधी अभिजात ग्रीक शिकावे काय? आणि हिब्रू?

वेळ असेल तर अभिजात ग्रीकपासून कोइनेकडे येणे सोपे असते, उलट वाट चढणीची आहे. परंतु अभ्यासक्रमाची मुदत पाहता बहुतेकांनी थेट कोइने घ्यावी. हिब्रू आणि ग्रीक एकाच सहामाहीत सुरू करू नये, एवढेच आग्रहाने सांगतो.

शिकलेले विसरते. काय करावे?

रोज थोडे वाचावे. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोजची पाच वचने अधिक टिकतात, आणि सुट्टीतही ती सोडू नयेत, कारण पहिल्या वर्षाचे ग्रीक सर्वाधिक हरवते ते पहिल्या लांब सुट्टीत. क्वचित येणारे शब्द अर्थासह पानाच्या तळाशी देणाऱ्या वाचनावृत्त्या मिळतात. कोश उघडण्याचा कंटाळा हे वाचन थांबण्याचे नेहमीचे कारण असल्याने दुसऱ्या वर्षापासून अशी आवृत्ती जवळ असावी. मोठ्याने वाचावे.

प्रवचनात ग्रीक शब्द सांगावेत काय?

क्वचितच. ‘मुळात असे आहे’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहता येत नाही आणि हातातल्या भाषांतरावरचा त्याचा विश्वास मात्र विनाकारण डळमळतो. ग्रीकमधून सापडलेला मुद्दा खरा असेल तर तो बहुतेक वेळा दोन भाषांतरे शेजारी ठेवून, साध्या मराठीत दाखवता येतो. मूळ रूप, त्याचे व्याकरण आणि कोशातील कोणता अर्थ कोणत्या कारणाने घेतला, हे आपल्या टिपणात लिहून ठेवावे, म्हणजे नंतर येऊन विचारणाऱ्याला ते पान दाखवता येते.